चार रॅम बसवल्यावर डिस्प्ले गेला, तो असा आणला

मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी स्वतः जुळवलेले दोन पीसी आहेत. ही नोंद त्यातल्या डीडीआर४ (रॅमची एक पिढी) वाल्या पीसीची.

८ जीबीच्या दोन रॅमच्या जोडीला आणखी दोन घातल्या. पंखे फिरायचे, डिस्प्ले नाही, मदरबोर्डवरचा डीरॅमचा (रॅममध्ये अडचण असल्याचं सांगणारा) दिवा पेटलेला.

आधी वायर काढली, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज घालवली, अंगावरची स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या धातूला हात लावला. मग एकच रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये (बहुतेक बोर्डांवर ए२) दोन्ही टोकांनी घट्ट दाबली. एकाच बाजूला क्लिप असलेल्या स्लॉटमध्ये दुसरं टोक अर्धवट राहतं आणि ते पटकन दिसत नाही, तिथे नीट बघा. चारही रॅम अशा एकेकट्या चालल्या, म्हणजे रॅम ठीक होत्या.

अडचण एक्सएमपीची (रॅमला तिच्या जाहीर केलेल्या जास्त वेगाने चालवणाऱ्या तयार सेटिंगची) होती. ३२०० चा वेग दोन रॅमना जमत होता. चारांचा भार मेमरी कंट्रोलरला (प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग) त्याच वेगाने पेलवेना. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल ५ मिनिटं काढून बायोस (पीसी सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) मूळ सेटिंगवर आणलं, चारही रॅम बसवल्या, एक्सएमपी लावून वेग हाताने २९३३ केला. व्होल्टेज १.३५ तसंच ठेवलं. यानंतर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन बराच वेळ काळी राहू शकते. घाईने बंद करू नका.

मेमटेस्ट८६ चे (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) ४ फेरे एकाही एररशिवाय झाले. एक जरी एरर आली तरी वेग २६६६ वर आणून चारही फेरे पुन्हा घ्यायचे.