शरीराची क्षमता मोजताना या चुका टाळा

फिजिओथेरपी, दंतवैद्यक किंवा न्यूरॉलॉजीत थेसिस करणाऱ्या विद्यार्थ्यांची आकडेमोड बहुतेक वेळा बरोबर असते. बिघाड त्याआधीच झालेला असतो. पेशंटला कशावर बसवलं, सूचना काय दिली, गोळी घेऊन किती वेळ झाला होता, यातलं काहीच नोंदवहीत नसतं. रक्तातली साखर पेशंटच्या मनःस्थितीची वाट पाहत नाही. चावणं, चालणं, मूठ आवळणं या गोष्टी मात्र माणसाला करून दाखवाव्या लागतात, आणि सांगणाऱ्याचे शब्द बदलले की त्याचं करणंही बदलतं.

"चावता येतं का?" एवढ्यावर थांबू नका

कवळी बसवलेल्या आजींना हा प्रश्न विचारला तर उत्तर बहुधा "हो, काही त्रास नाही" असं येतं. त्या खोटं बोलत नाहीत. ऊस, पेरू, चकली, कडक भाकरी हे सगळं त्यांनी केव्हाच सोडलेलं असतं आणि उरलेलं मऊ अन्न त्यांना नीट चावता येतं. म्हणून प्रश्नावली आणि प्रत्यक्ष चाचणी यांचे निकाल अनेकदा जुळत नाहीत. दोन्ही घ्या आणि वेगवेगळे मांडा. प्रश्न विचारताना पदार्थांची नावं घेऊन विचारा, आणि "खाता का?" व "खाता येतं का?" हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

प्रत्यक्ष चाचणीची जुनी पद्धत शेंगदाण्यांची आहे. मॅन्ली आणि ब्रेली यांनी १९५० मध्ये ती मांडली: ठरावीक वेळा चावायला लावायचं, चावलेला चुरा गोळा करायचा आणि चाळणीतून किती खाली जातो ते पाहायचं. इथे बहुतेक चुका साध्या असतात. एका दिवशी भाजलेले दाणे, दुसऱ्या दिवशी कच्चे. चूळ भरून घ्यायची राहून गेल्यामुळे गालात अडकलेले कण हिशेबातून सुटतात. थोडा चुरा पेशंट गिळूनही टाकतो.

दोन रंगांच्या च्युइंगगमची चाचणी त्या मानाने सोपी. रंग जितके एकजीव, तितकं चावणं चांगलं. पण "चांगलं चावा" अशी मोघम सूचना देऊ नका. बहुधा २० वेळा चावायला सांगतात, तो आकडा धरा आणि मोजणारा एकच माणूस ठेवा. चावलेला गोळा सारख्या जाडीचा चपटा करा, दोन्ही बाजूंचे फोटो एकाच उजेडात घ्या. खिडकीजवळ सकाळी काढलेला फोटो आणि संध्याकाळी ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो यांची तुलना सॉफ्टवेअर करून देईल, पण त्यातून निघेल तो उजेडातला फरक.

गिळायला त्रास होणाऱ्या पेशंटला शेंगदाणे किंवा गम देण्याआधी गिळण्याची तपासणी झालीच पाहिजे. ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. यात कसलीही तडजोड नको.

सहा मिनिटांची चाल

सहा मिनिटांत पेशंट किती मीटर चालतो, हे या चाचणीत मोजतात. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या श्वसनविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २००२ मध्ये तिची पद्धत ठरवून दिली. कॉरिडॉर ३० मीटरचा आणि सपाट असावा. जागा नाही म्हणून १० मीटरमध्ये चालवलं तर वळणं वाढतात आणि अंतर घटतं. पहिली चाचणी एका कॉरिडॉरमध्ये आणि तीन महिन्यांनंतरची दुसऱ्यात झाली, तर हाती आलेल्या फरकाचा अर्थच लागत नाही.

त्याहून जास्त दुर्लक्ष होतं ते बोलण्याकडे. दर मिनिटाला काय म्हणायचं ते ठरलेलं असतं: "छान चाललंय, अजून पाच मिनिटं आहेत", एवढंच, सपाट आवाजात. प्रत्यक्षात सोबत आलेला मुलगा ओरडतो, "बाबा, जरा जोरात!" आणि बाबा खरंच जोरात चालतात. नातेवाइकांना बाहेर बसवा. तुम्हीही पेशंटच्या बाजूने चालू नका, तो नकळत तुमचा वेग धरतो.

दुसऱ्यांदा चालताना बहुतेक जण थोडे अधिक चालतात, कारण चाचणी कळलेली असते. म्हणून २०१४ च्या युरोपीय-अमेरिकी मानकांनी दोन चाचण्या घेऊन चांगली ती धरायला सांगितलं. फुप्फुसांच्या जुनाट आजारात सुमारे ३० मीटरचा फरक पेशंटच्या दृष्टीने अर्थपूर्ण मानतात. सरावाने वाढलेलं अंतर उपचाराच्या खात्यावर टाकलं, तर या ३० मीटरमधला बराचसा भाग फुकटच मिळतो.

मुठीची ताकद मोजताना पेशंट बसलेला, कोपर ९० अंशात, डायनॅमोमीटरचं (मूठ दाबून ताकद मोजायच्या उपकरणाचं) हँडल दुसऱ्या खाचेत आणि तीन प्रयत्न, हे पाळलं की बहुतेक गोंधळ मिटतो.

गोळीची वेळ

पार्किन्सन्समध्ये लेव्होडोपा या औषधाचा असर असताना आणि उतरल्यावर एकच माणूस दोन वेगळी माणसं वाटावीत इतका फरक पडतो. मायस्थेनियात (स्नायू लवकर थकण्याचा आजार) सकाळी बरे असलेले स्नायू दिवसभराच्या वापराने थकतात. शेवटची गोळी किती वाजता घेतली आणि चाचणी किती वाजता झाली, हे दोन रकाने फॉर्मवर छापूनच घ्या.

दुर्मीळ आजार: इथे चूक परवडत नाही

मधुमेहाच्या अभ्यासात दहा रीडिंग्ज वाया गेली तर आणखी पेशंट मिळतात. दुर्मीळ आजारात ते मिळत नाहीत. एएलएसमध्ये स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जातात आणि माणूस हळूहळू दुबळा होतो. एसओडी१ जनुकातल्या दोषामुळे होणाऱ्या एएलएसवरच्या टोफरसेन या औषधाच्या चाचणीत एकूण १०८ जण होते. २८ आठवड्यांनी कार्यक्षमतेच्या गुणांत ठोस फरक सिद्ध झाला नाही, पण रक्तातलं न्यूरोफिलामेंट (चेतापेशींच्या नुकसानीची खूण असलेलं प्रथिन) स्पष्टपणे घटलं होतं. २०२३ मध्ये एफडीए या अमेरिकी औषध-नियंत्रक संस्थेने त्याच आधारावर वेगवान मंजुरी दिली. इतक्या थोड्या लोकांत, इतक्या कमी काळात मोजायचं असेल तर प्रत्येक गुण जपून द्यावा लागतो.

ते गुण म्हणजे एएलएसएफआरएस-आर: १२ प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, एकूण ४८. सरासरी महिन्याला सुमारे एक गुण कमी होतो. त्यातला एक प्रश्न अन्न कापण्याचा आणि काटा-चमचा हाताळण्याचा आहे. हाताने जेवणाऱ्या, सुरी फक्त भाजीपुरती धरणाऱ्या माणसाला तो जसाच्या तसा विचारला तर उत्तराला काही अर्थ राहत नाही. भाकरीचा तुकडा मोडणं, घास तोंडाशी नेणं यांबद्दल विचारायचं असेल तर तसं अभ्यास सुरू होण्याआधी लिहून ठरवा, भाषांतराची रीतसर पडताळणी करा आणि शेवटपर्यंत तेच विचारा. हस्ताक्षराचा आणि जिन्याचा प्रश्नही असाच. ज्याने कधी पेन धरलं नाही, त्याला तिथे आजारामुळे शून्य देणं हा अन्याय आहे. पहिल्या भेटीत पेशंटने आणि पुढच्या भेटीत पत्नीने उत्तरं दिली, असंही करू नका.

वयांची सरमिसळ हीसुद्धा महागात पडणारी चूक. डुशेन या स्नायू झिजण्याच्या आजारातली साधारण सात वर्षांखालची मुलं वाढीमुळे सहा मिनिटांत आधीपेक्षा जास्त चालू शकतात, मोठ्यांचं अंतर घटत जातं. दोघांची सरासरी काढली की औषधाचा असर तिच्यात लपून जातो.

आणि जे पुन्हा आले नाहीत त्यांचे रकाने रिकामे सोडू नका. एएलएसमध्ये सर्वांत खालावलेला पेशंटच भेट चुकवतो, त्याला वगळलं की उरलेल्यांचं चित्र उगाच बरं दिसतं. शक्य असेल तिथे फोनवर गुण घ्या, एएलएसएफआरएस-आरसाठी ते मान्य आहे. मृत्यू झाला असेल तर मृत्यू आणि गुण एकत्र धरून क्रम लावण्याची पद्धत आहे. ती वापरायची की नाही हे पहिला पेशंट घेण्याआधी संख्याशास्त्रज्ञासोबत बसून ठरवा, आणि चाचणीच्या नोंदणीत मुख्य मोजमाप म्हणून तेच लिहा.