कन्स्ट्रक्टरमधील पुनरावृत्ती कशी टाळावी
जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतील एखाद्या क्लासला तीन-चार कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारे कोडचे भाग) असले, की मिळालेल्या मूल्यांची तीच तपासणी प्रत्येकात लिहिली जाते आणि पुढे नियम बदलल्यावर एखादा कन्स्ट्रक्टर हमखास दुरुस्तीतून निसटतो. म्हणून सर्वाधिक पॅरामीटर (बाहेरून मिळणारी मूल्ये) घेणारा कन्स्ट्रक्टर मुख्य मानावा, सारी तपासणी त्यातच ठेवावी आणि इतरांमधून ‘धिस’ या कीवर्डने, न मिळालेल्या पॅरामीटरच्या जागी डीफॉल्ट मूल्ये देऊन, त्यालाच कॉल करावा. जावा 25 पूर्वी हा कॉल कन्स्ट्रक्टरच्या पहिल्याच ओळीत असावा लागे. सामायिक काम वेगळ्या मेथडमध्ये हलवणे मला पटत नाही, कारण तिथून ‘फायनल’ फील्डला (एकदाच मूल्य घेणाऱ्या, ऑब्जेक्टमधील चलाला) मूल्य देता येत नाही. शिवाय सबक्लासने (या क्लासवरून बनवलेल्या क्लासने) ती मेथड ओव्हरराइड केली, म्हणजे तिच्या जागी स्वतःची मेथड लिहिली, तर सबक्लासची फील्ड तयार होण्याआधीच ती चालते.