लाईट गेली म्हणून ब्लेड बदलायला घेतलं

आयटीआयला कारपेंटर ट्रेड करून पुण्यात एका फर्निचरच्या वर्कशॉपला लागलो त्याला आता बरीच वर्षं झाली, पण सर्क्युलर सॉचं, म्हणजे गोल ब्लेडच्या लाकूड कापायच्या मशीनचं, ब्लेड बदलायचा विषय निघाला की मला तो गुरुवारच आठवतो. गुरुवारी लाईट जाणं पुणेकरांना काय नवीन नाही. आमच्याकडे टेबल सॉ म्हणून जे होतं ते म्हणजे हातातलीच ७ इंची मशीन, प्लायच्या टेबलाखाली उलटी बसवलेली, ट्रिगर टाय मारून कायमचा दाबलेला आणि चालू-बंद सगळं भिंतीवरच्या बोर्डावरून. अशी जुगाडं तुम्हालाही दिसतील, निम्म्या वर्कशॉपात आहेत.

तर लाईट गेली, मी म्हटलं रिकामं बसण्यापेक्षा ब्लेड बदलून घेऊ, सनमायकाला चिपा निघत होत्या. बोर्डाचं बटण चालूच, कारण लाईटच नाही तर बटण कोण बघतंय! टेबलाची प्लाय उचलली, ॲलन की (बोल्ट खोलायची षटकोनी चावी) लावली, बोल्ट अर्धा ढिला केला आणि की तशीच बोल्टात ठेवून नवीन ब्लेड घ्यायला दोन पावलं मागे वळलो, तेवढ्यात लाईट आली. ती की सुटली आणि मागच्या भिंतीच्या प्लास्टरमध्ये खड्डा पाडून खाली पडली. दोन सेकंद आधी त्या कीवर माझा अंगठा होता. मिस्त्री काही ओरडले नाहीत, त्यांनी बोर्डातली पिन (प्लग) उपसली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता बदल."

म्हणून नवीन पोरांना पहिली गोष्ट सांगतो, बटण बंद करणं म्हणजे मशीन बंद करणं नाही. पिन काढायची आणि ती आपल्या डोळ्यासमोर ठेवायची. एक्स्टेन्शन बोर्डावर चार जणांच्या मशीनी असतात, कोणीतरी स्वतःचं सॅंडर चालू करायला येतो आणि चुकीचं बटण दाबतो, त्याची काय चूक? बॅटरीची मशीन असेल तर बॅटरी बाहेर. आणि स्वतःचं टेबल बनवणार असाल तर ट्रिगर बांधायच्या आधी नो-व्होल्ट रिलीज स्विच बसवा, लाईट जाऊन परत आली तरी तो हाताने दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही.

आता हातातल्या मशीनचं सांगतो. ब्लेड पूर्ण थांबू द्या, नुकतंच कटिंग केलं असेल तर ते तापलेलंही असतं, चटका बसतो. जुनं ब्लेड धरताना हातमोजे घातले तर चालतात, पण मशीन चालू करायच्या आधी काढायचे. हातातला गंडा, कडं पण. स्पिंडल (ब्लेड ज्यावर बसतं तो दांडा) लॉक करायचं बटण दाबून ब्लेड हाताने हळू फिरवायचं, टक् करून अडकतं. फिरतं ब्लेड थांबवायला ते बटण कधीच दाबायचं नाही, लॉकची वाट लागते. लॉक नसलेली जुनी मशीन असेल तर दात एका लाकडाच्या तुकड्यात रुतवून ब्लेड अडवतात. दातांमध्ये स्क्रू ड्रायव्हर घालणारे पाहिलेत मी, त्यात दाताच्या टोकाला बसवलेली कार्बाइडची टीप उडते. ती टीप कडक असते पण ठिसूळ, ब्लेड फरशीवर पडलं तरी तुटते.

बोल्ट कुठल्या बाजूला सुटतो यावर सगळे गोंधळतात कारण काही मशीनला उलटे आटे असतात. एक लक्षात ठेवा, ब्लेड कापताना ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने बोल्ट फिरवला की सुटतो, विरुद्ध फिरवला की आवळतो. मी पहिल्या महिन्यात उलटंच फिरवत बसलेलो, पाच मिनिटं घाम गाळून बोल्ट अजून घट्ट करून ठेवला.

बोल्ट निघाला की बाहेरचं फ्लॅंज (ब्लेड दाबून धरणारी चकती) कुठल्या बाजूने होतं ते बघून ठेवा. खालचं गार्ड त्याच्या दांडीने मागे धरून ब्लेड काढा. मग आतल्या फ्लॅंजवर चिकटलेला भुसा, डिंक पुसून घ्या, हे कोणी करत नाही आणि मग ब्लेड डगमगतंय म्हणून दुकानदाराला शिव्या देतात. नवीन ब्लेडचं भोक स्पिंडलवर फिट बसलं पाहिजे, २० एमएमच्या जागी मोठं भोक असेल तर बरोबर मापाचं बुश (भोक लहान करणारी रिंग) घ्या, टेप गुंडाळायची नाही. ब्लेडवर छापलेला जास्तीत जास्त आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नको. याच कारणासाठी लाकडाचं ब्लेड ग्राइंडरला लावू नका, ४ इंची ग्राइंडर ११ हजारच्या पुढे फिरतो आणि लाकडासाठी त्याला धड गार्डही नाही. सगळे लावतात, माहितीये मला.

ब्लेडवरचा बाण आणि गार्डवरचा बाण एकाच दिशेला. हातातल्या मशीनमध्ये दात पुढच्या बाजूला खालून वर चढतात, त्यामुळे प्लायची चांगली बाजू खाली ठेवायची, चिपा वरच्या बाजूला निघतात. टेबलावर बरोबर उलटं, चांगली बाजू वर.

बोल्ट आवळला की चावी लगेच काढा. गार्ड हाताने मागे ओढून सोडा, ते चटकन परत यायला पाहिजे, रेंगाळलं तर भुसा अडकलाय. मग ब्लेड हाताने एक चक्कर फिरवून कुठे घासतंय का बघा, आणि त्यानंतरच पिन लावायची. अर्धा मिनिट रिकामी चालवा, ब्लेडच्या रेषेत नाही तर बाजूला उभं राहून. आवाज थरथरल्यासारखा आला तर बंद करून, पिन काढून, परत पहिल्यापासून.

भिंतीतला तो खड्डा मिस्त्रींनी कधी भरू दिला नाही. दिवाळीत रंग मारला तेव्हाही तेवढी जागा सोडून मारला, आणि आता टेबलाची पिन त्याच्याच शेजारी खिळ्याला अडकवलेली असते.