मुंबई-पुण्याहून हायडलबर्गला रिसर्चसाठी जाताय? विमान आणि ट्रेन एकत्रच ठरवा

खंडोबा आणि धनगरांवर इतकं काम केलेले जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर जर्मनीतल्या ज्या हायडलबर्गच्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे, तिथे काही महिन्यांसाठी व्हिजिटिंग रिसर्चर म्हणून जायचं ठरलं असेल तर तिकीट काढायच्या आधी हे वाचाच.

पहिला व्हिसा. ९० दिवसांच्या वर राहायचं असेल तर नॅशनल म्हणजे डी व्हिसा लागतो, त्यावर तो कधीपासून चालू ते छापलेलं असतं आणि त्याच्या एक दिवस आधीही जर्मनीत उतरून चालत नाही, म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत नॉन-रिफंडेबल तिकीट काढू नका, एजंट कितीही घाई करू दे.

विमानाचं म्हणाल तर मुंबई-फ्रँकफर्ट डायरेक्ट. थोडे पैसे जास्त गेले तरी मी हेच सांगेन. दुबई किंवा दोहावरून बरेचदा स्वस्त पडतं, पण दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर हव्यात, नाहीतर पहिली लेट झाली की दुसरीचे पैसे बुडाले. पॅरिस, ॲमस्टरडॅमवरून गेलात तर इमिग्रेशन तिथेच होतं, त्यामुळे मध्ये अडीच-तीन तास ठेवा आणि इन्व्हिटेशन लेटर, इन्शुरन्सचे कागद चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. पुण्याच्या लोकांनी तारीख नीट बघायची: १५ तारखेला रात्री २ ची फ्लाइट म्हणजे १४ ला संध्याकाळीच पुणं सोडायचं.

आता खरी गडबड होते ती ट्रेनची. फ्रँकफर्ट एअरपोर्टला दोन स्टेशनं आहेत, लोकल गाड्यांचं वेगळं आणि लांबच्या गाड्यांचं वेगळं. तुम्हाला हवं ते लांबचं, बोर्डावर फर्नबानहोफ लिहिलेलं असतं, प्लॅटफॉर्म ४ ते ७. तिथून आयसीईने (लांब पल्ल्याची फास्ट गाडी) साधारण अर्ध्या तासात मानहाइम, तिथे बदलून एस-बानने, म्हणजे लोकलने, हायडलबर्ग. प्लॅटफॉर्मवर ए, बी, सी असे भाग असतात, आपला डबा कुठल्या भागात लागणार ते वरच्या स्क्रीनवर दिसतं, आधीच तिथे जाऊन उभं राहा, कारण दोन मोठ्या बॅगा घेऊन गाडीतल्या गाडीत डबे ओलांडणं फार त्रासाचं.

ट्रेनच्या तिकिटात झुपरश्पारप्राइस सगळ्यात स्वस्त, पण ते त्याच गाडीला बांधलेलं असतं. इमिग्रेशनची रांग, बॅगा यात गाडी चुकली तर फुकट गेलं. पोचायच्या दिवशी फ्लेक्सप्राइस घ्या, त्या दिवशीची कुठलीही गाडी चालते. डॉइचलांड-टिकेट (लोकल गाड्या, बस वगैरेंचा महिन्याचा पास) रोजच्या फिरण्यासाठी मस्त आहे, पण आयसीईत चालत नाही हे लक्षात ठेवा.

आणि शक्यतो सोमवार ते गुरुवार सकाळी उतरेल अशीच फ्लाइट बघा. रविवारी तिथे बहुतेक दुकानं बंद, दूधसुद्धा स्टेशनवरच्या दुकानात शोधावं लागतं. तिथल्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, त्यासाठी घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो, तो चावी घेतानाच मागून घ्या. चावी कुठे, कोणाकडे, किती वाजेपर्यंत मिळणार, हे निघायच्या आधी मेलवर विचारून ठेवा.