पाखाडीचं बिल नेमकं कुणाला गेलं? सदस्याचा हितसंबंध कागदावरून असा शोधा

वाडीत पाखाडी (दगडी पायवाट) झाली किंवा साकव (ओढ्यावरचा लहान पूल) बांधला गेला की बोलणं सुरू होतं: ठेकेदार नावापुरता, काम सरपंचाच्या भावाचंच. हे खरं असेलही. पण ग्रामपंचायत सदस्याला अपात्र ठरवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांसमोर होणाऱ्या सुनावणीत नात्याला फारसं वजन नसतं. तिथे पैशाची वाट दाखवावी लागते, म्हणून शोध नात्यापासून नव्हे, बिलापासून सुरू करा.

आधी कायदा नीट वाचून घ्या. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 14(1)(ग) नुसार पंचायतीच्या आदेशाने झालेल्या कामात किंवा पंचायतीशी झालेल्या करारात सदस्याचा स्वतः अथवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष वाटा असेल, तर तो सदस्य राहू शकत नाही. इथे 'वाटा' हा शब्द महत्त्वाचा आहे. केवळ नातं म्हणजे हितसंबंध नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्येच सांगितलं. त्या प्रकरणात नगरसेवकाचा मुलगा नगरपालिकेत नोकरीला होता. उलट शेजारच्या गोव्यात पतीने पंचायतीचं काम घेतलं म्हणून पत्नीचं सदस्यत्व गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ते कायम केलं. कारण तिथल्या कायद्यानुसार पतीच्या मिळकतीत पत्नीचा निम्मा हिस्सा असतो. आपल्याकडे तसा नियम नाही, त्यामुळे सिंधुदुर्गात हाच निकाल जसाच्या तसा लागू होईल असं धरून चालू नका. नफा सदस्यापर्यंत पोचला, हे आपल्याला दाखवावं लागतं.

पहिला कागद उमेदवारी अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र. त्यातल्या जमिनींचे गट किंवा सर्व्हे क्रमांक, वाहनं, कर्जं आणि जोडीदाराची मालमत्ता एका वहीत उतरवून ठेवा. हे चित्र अर्ज भरला त्या दिवसाचं असतं. नंतर घेतलेला डंपर त्यात सापडणार नाही.

वित्त आयोगाच्या निधीतून काम झालं असेल तर ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गाव आणि आर्थिक वर्ष निवडून खर्चाची प्रमाणकं (व्हाउचर) पाहा. पैसे कोणाला गेले आणि किती, ते तिथे कळतं. स्वनिधी (पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न) आणि इतर योजनांसाठी ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा लागेल: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. "सर्व कामांची सर्व माहिती" असं लिहिलंत की नकाराला निमित्त मिळालंच. असं लिहा:

"अमुक वाडीतील पाखाडी, सन 2023-24: आलेली दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, ठेकेदाराची व साहित्य पुरवठादारांची बिलं, रक्कम मिळालेल्याचं नाव व तारीख, आणि काम मंजूर करणाऱ्या सभेचं इतिवृत्त. सर्व प्रमाणित प्रती."

बँक खात्याचा क्रमांक मागू नका. खाजगी माहिती म्हणून अर्ज अडतो. प्रतीला पानामागे 2 रुपये पडतात. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पंचायत समितीतल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा.

बिल हातात आलं की आधी वरचा जीएसटी क्रमांक पाहा. 15 अक्षरांतली पहिली दोन म्हणजे राज्य, महाराष्ट्र 27. पुढची दहा म्हणजे पॅन. पूर्ण क्रमांकातलं सहावं अक्षर मालकी सांगतं: पी असेल तर एकटी व्यक्ती, एफ म्हणजे भागीदारी, सी म्हणजे कंपनी, एच म्हणजे एकत्र हिंदू कुटुंब. एच दिसलं तर जपून पाहा, कारण त्या कुटुंबात सदस्य सहहिस्सेदार असू शकतो आणि मग प्रश्न नात्याचा न राहता वाट्याचा होतो. एफ असेल तर भागीदारी संस्था निबंधकाकडून भागीदारांचा उतारा घ्या. जीएसटीच्या संकेतस्थळावर तोच क्रमांक टाकला की मालकाचं वैध नाव आणि नोंदणीची तारीखही विनामूल्य दिसते. नोंदणी दरपत्रकाच्या आठवडाभर आधीची निघाली, तर आणखी खोलात जा.

कोकणात दुसरा धागा चिऱ्याचा, म्हणजे जांभा दगडाच्या कापीव ठोकळ्याचा. पाखाडी, गडगा (दगडी कुंपण), विहिरीचा कठडा, सगळीकडे जांभा लागतो. चिऱ्याच्या वाहतूक पासावर खाण कुठली ते असतं. तिथला सर्व्हे क्रमांक महाभूलेख या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर सातबाऱ्यात पाहा आणि प्रतिज्ञापत्राच्या वहीशी ताडा. पण जुळला म्हणजे काम झालं, असं नाही. ठेकेदाराने गावातल्या एकमेव चिरेखाणीतून चालू दराने माल घेतला, तर तो साधा व्यवहार ठरू शकतो. दर बाजारापेक्षा जास्त असेल, किंवा बिलं मालाआधीची असतील, तर मात्र मुद्दा भक्कम होतो.

इतिवृत्तात सूचक आणि अनुमोदक कोण ते पाहा. "मी मतदान केलंच नाही" हा बचाव नेहमी येतो. मात्र (ग) खाली अपात्रता मतदानामुळे येत नाही, वाट्यामुळे येते; सभेतून उठून गेल्याने वाटा संपत नाही. निवडून आलेल्यांनीही हे लक्षात ठेवावं: भागीदारीतून बाहेर पडायचं तर उमेदवारी अर्ज भरण्याआधी, आणि तो बदल निबंधकाकडे नोंदवून. होमस्टेच्या ना-हरकत दाखल्यासारख्या विषयात करार नसतो, तिथे (ग) सहसा लागत नाही. तरीही स्वतःच्या अर्जावर चर्चा असेल तेव्हा सभागृहाबाहेर जाऊन तशी नोंद इतिवृत्तात करून घेणं हेच योग्य.

अपात्रतेचा अर्ज 1958 च्याच अधिनियमाच्या कलम 16 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. कोणीही करू शकतं. एका पानावर तारखांचा क्रम लावा: ठराव, कार्यारंभ, मोजमाप, बिल, पैसे. प्रत्येक ओळीसमोर प्रमाणित प्रतीचा पान क्रमांक लिहा. साध्या झेरॉक्स, व्हॉट्सअपवरचे फोटो आणि "गावात सर्वांना माहीत आहे" ही वाक्यं यांनीच बहुतेक अर्ज पडतात. निर्णय शक्यतो 60 दिवसांत व्हावा अशी तरतूद आहे, आणि निर्णयाविरुद्ध अपिलाला फक्त 15 दिवस मिळतात, म्हणून निकालाची प्रत त्याच दिवशी मागा. नगरपंचायत किंवा नगरपरिषद असेल तर 1965 च्या अधिनियमाचं कलम 44 पाहा, तिथेही जिल्हाधिकारीच. जिल्हा परिषद सदस्याचा प्रश्न 1961 च्या अधिनियमाच्या कलम 40 खाली विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे आपल्यासाठी नवी मुंबईतल्या कोकण भवनात जातो.