जुनं घड्याळ 'ओरिजिनल' आहे का? आधी चमकणारा लेप बघा

जुन्या मनगटी घड्याळात सगळ्यात आधी डायल आणि काट्यांवरच्या चमकणाऱ्या लेपाची तुलना करा. अंकांवरचा तपकिरी पडलाय आणि काट्यांवरचा पांढराशुभ्र आहे, तर बहुधा काटे बदललेत किंवा लेप नव्याने भरलाय. सहाच्या आकड्याखाली 'टी स्विस मेड टी' असेल तर लेप ट्रिटियमचा (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार), म्हणजे डायल १९६० च्या दशकातली किंवा नंतरची. १९५० च्या केसमध्ये (घड्याळाच्या बाहेरच्या डबीत) ती मूळची असूच शकत नाही. ट्रिटियमचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, सुमारे १२.३ वर्षं. त्यामुळे इतकं जुनं घड्याळ अंधारात तासभर लख्ख चमकलं, तर खूश होऊ नका, लेप बहुधा नवा आहे! (लेप खरवडून मात्र बघू नका, ट्रिटियमच्या आधीच्या लेपांत असलेला जुना रेडियम अजूनही किरणोत्सारी असतो.)

मागचं झाकण घड्याळजीकडूनच उघडून घ्या. मशीन केसमध्ये सैल बसलंय किंवा चावीची दांडी केसच्या भोकाशी सरळ रेषेत येत नाही, तर बहुधा वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडलेत.

नोंद करताना सगळ्याला सरसकट 'नकली' लिहू नका. कंपनीनेच दुरुस्तीत घातलेला भाग वेगळा, पुन्हा रंगवलेली डायल वेगळी, आणि चार घड्याळांचं मिळून केलेलं एक त्याहून वेगळं. किंमत साधारण याच क्रमाने उतरते.