अक्षरं येतात, पण वाचता येत नाही? शिकवताना या चुका टाळा

मूल ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत धडाधड म्हणतं, पण समोर ‘मान’ लिहिलं की अडतं. अक्षरांची नावं पाठ झालेली असतात, शब्दातले आवाज सुटे ऐकू येत नसतात. अशा वेळी अजून दहा पानं गिरवून घेतल्याने काहीही सुटत नाही.

कान तयार नसताना पाटी हातात देणं

आधी काहीही न लिहिता तोंडी विचारा. ‘कपाट’मधला ‘क’ काढला तर काय उरतं? ‘पान’मधल्या ‘प’च्या जागी ‘क’ घातला तर? उत्तर येत नसेल तर तिथेच थांबून रोज दहा मिनिटं हेच खेळ घ्या. मात्र महिनोन्‌महिने तोंडीच खेळत बसणंही चूक आहे. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेल या वाचन-संशोधनाचा आढावा घेणाऱ्या तज्ज्ञ समितीच्या २००० सालच्या अहवालात, अक्षरं समोर ठेवून केलेला ध्वनींचा सराव नुसत्या तोंडी सरावापेक्षा जास्त उपयोगी ठरल्याचं नोंदवलं आहे.

क, ख, ग, घ, ङ याच क्रमाने जाणं

वर्णमाला उच्चारस्थानानुसार लावलेली आहे. व्यवस्था सुंदर आहे, पण नवख्या कानाला सारखे वाटणारे आवाज त्यात शेजारी-शेजारी येतात, आणि ‘ङ’, ‘ञ’ने सुरू होणारा शब्द तर मुलाला देताच येत नाही. त्याऐवजी म, न, क, र, ल आणि लगेच काना घ्या. पहिल्या आठ-दहा दिवसांतच मान, नाक, काम, लाल, मका, करा असे खरे शब्द वाचता येतात. घ-ध, भ-म, ब-व, थ-य या दिसायला सारख्या जोड्या एकत्र शिकवू नका. एक पक्कं झाल्यावरच दुसरं.

‘क ला काना का’

सगळ्यात खोल रुजलेली चूक हीच. मूल ‘काम’ पाहून ‘क ला काना का, म’ असं म्हणतं आणि शेवटी पोचेपर्यंत शब्द हरवतो. काना, मात्रा, वेलांटी ही नावं लिहिताना कामाची आहेत. वाचताना ‘का’ सलग, एका दमात म्हणून घ्या. ‘दिवा’त तर वेलांटी आधी दिसते आणि तिचा आवाज नंतर येतो, म्हणून बोट संपूर्ण ‘दि’खाली ठेवायला लावा.

‘ग गवताचा’चंही तसंच. अक्षराशेजारचं चित्र काही दिवसांनी हटवलं नाही, तर ‘ग’ दिसल्यावर मूल ‘गवत’च म्हणतं.

आवाजांमध्ये थांबणं

‘म… आ… न’ असं तुटक म्हटलं की मूल ‘आन’ म्हणतं, कारण मधल्या शांततेत ‘म’ निसटलेला असतो. म, न, स, ल, र हे आवाज लांबवता येतात, क, प, ट लांबवता येत नाहीत. म्हणून सुरुवातीला ‘मान’, ‘नळ’ असे शब्द घ्या आणि श्वास न तोडता ‘म्‌म्‌म्आऽऽन’ म्हणा. प्रत्येक आवाजाला एक मणी पुढे सरकवू द्या, मग सगळ्या मण्यांखालून बोट फिरवत शब्द एका दमात. ‘नळ’ला दोन मणी ठेवले जातात, ते चुकतं: अक्षरं दोन असली तरी आवाज तीन आहेत, न्, अ, ळ्. शेवटच्या ‘ळ’मधला ‘अ’ आपण बोलताना म्हणत नाही. मूल ‘नळअ’ वाचत असेल तर ‘शेवट तोडून म्हण’ एवढं सांगितलं की ओळखीचा शब्द त्याला सापडतो.

च, ज, झ

चाक-चहा, जाळं-जेवण, झाड-झेंडा. एका अक्षराचे दोन उच्चार आहेत हे लपवू नका. आधी एक पक्का करा, नंतर दोन्ही म्हणून पाहायला सांगा. ज्याने ओळखीचा शब्द बनतो तो बरोबर.

अंदाजाला ‘शाब्बास’ म्हणणं

चित्र पाहून ‘कमळ’ला ‘फूल’ म्हणणारं मूल वाचत नसतं. चित्र झाका. चुकलं तर लगेच शब्द सांगू नका, चार-पाच सेकंद थांबा, चुकलेल्या अक्षराखाली बोट ठेवून त्याचा आवाज विचारा आणि शब्द पुन्हा पहिल्यापासून वाचून घ्या.

खरंच वाचता येतंय का, हे तपासायला ‘लाक’, ‘माक’, ‘लान’ असे निरर्थक शब्द लिहून द्या. ते पाठांतराने किंवा अंदाजाने येत नाहीत. ‘लान’ला ‘कान’ म्हटलं तर ‘ल’कडे परत जा, तिन्ही नीट वाचले तर पुढची चार-पाच अक्षरं घ्या.